पंढरपूर: वारी नसताना जुने बोळ आणि देवळं पायी कशी पाहावीत?

माळवद
आपण सोलापूरकर पंढरपूरला इतक्यांदा जातो, पण गाव असं बघतच नाही. स्टँडवर उतरायचं, रांगेत उभं राहायचं, लाडू घ्यायचे, परत स्टँड. म्हणून हा धागा. इथे फक्त पायी फिरण्याबद्दल लिहू या. दर्शनाच्या पासांवर आणि लॉजवर वेगळे धागे आहेत.

माझं म्हणणं एकच आहे. पंढरपूर नदीकडून आत यायचं गाव आहे आणि आपण ते स्टेशन रोडकडून, म्हणजे पाठीमागून बघतो. देवळाचं तोंड पूर्वेला, महाद्वार पूर्वेला, घाट पूर्वेला. त्यामुळे सकाळी आधी थेट वाळवंटात, म्हणजे भीमेच्या पात्रातल्या वाळूत, उतरा आणि पुंडलिकाच्या देवळाजवळ नदीकडे पाठ करून उभे राहा. ऊन तुमच्या पाठीवर आणि घाटाच्या पायऱ्यांवर, होळकर वाड्याच्या आणि शिंदे वाड्याच्या भिंतींवर. दगडाची घडाई, सांधे, कोनाडे सगळं उठून दिसतं. दुपारनंतर याच भिंती सावलीत जातात आणि फोटोत काळा ठोकळा येतो. तिथून महाद्वार घाट चढायचा, नामदेव पायरीपाशी यायचं, मग देवळाला बाहेरून वळसा, मग प्रदक्षिणा मार्ग. दर्शन सगळ्यात शेवटी. आधी रांगेत शिरलात तर बाहेर कधी येणार याचा भरवसा नाही, आणि आलात की ऊन डोक्यावर.

कडबा
किती तास धरायचे? आणि दिवस कोणता?

माळवद
@कडबा, चालायला साडेतीन ते चार तास, दर्शन वेगळं. सहाच्या सुमारास वाळवंटात असलात तर दहापर्यंत मुख्य भाग उरकतो. सोलापूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, एसटीला दोन तास, म्हणजे पहाटे निघणं आलं. नाहीतर आदल्या रात्री मुक्काम.

दिवस निवडताना कॅलेंडरमध्ये तिथी बघा, नुसता वार बघू नका. दोन्ही पक्षांतली दशमी, एकादशी, द्वादशी टाळा. शनिवार-रविवार टाळा. बुधवार विठोबाचा वार, त्या दिवशीही गर्दी जरा जास्तच. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चार यात्रांच्या आगेमागे आठवडाभर बोळ बघायचं नावच काढू नका. तेव्हा माणसं बघायची, भिंती नाही. महिना म्हणाल तर मार्गशीर्ष ते माघ, यात्रेचे दिवस सोडून.

भीमाकाठ
नदीबद्दल सविस्तर लिहितो, कारण घोळ तिथेच होतो.

वाळवंट कायम कोरडं असतं असं समजून लोक येतात. उजनीतून भीमेत पाणी सोडलं, किंवा वीर धरणातून नीरेत सोडलं (नीरा वरच्या अंगाला नरसिंहपूरला भीमेला मिळते), की इथलं पाणी चढतं. आधी जुना दगडी पूल पाण्याखाली जातो, वाळवंटातली देवळं पाण्यात जातात, पुंडलिकाचं नुसतं शिखर दिसतं. पंढरपुरात पाऊस पडलाच पाहिजे असं काही नाही. वर धरणक्षेत्रात पडला तरी पुरे. पावसाळ्यात निघण्याआधी उजनी आणि वीरच्या विसर्गाची बातमी बघायची. उन्हाळ्यातही शेतीसाठी किंवा पिण्यासाठी नदीत पाणी सोडतात, तेव्हा ‘मे महिन्यात कुठलं पाणी’ म्हणून बेसावध राहू नका.

दुसरी गोष्ट खड्डे. वाळूउपशाने पात्रात खोल खड्डे झालेत. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला डोक्यावरून जातं. स्नान करायचंच असेल तर घाटाला लागून, जिथे चार माणसं उभी आहेत तिथेच. पोरांचा हात सोडू नका. पोहता येतं म्हणून मध्ये जाणं हा मूर्खपणा आहे, दुसरा शब्द नाही.

तिसरी, घाटाच्या भिंती. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत पडून आडोशाला थांबलेली सहा माणसं गेली. जोराचा पाऊस आला तर उंच भिंतीच्या बुडाशी थांबायचं नाही, वर गावात यायचं. पावसाळा सरला तरी खालच्या पायऱ्यांवर शेवाळ राहतं. पायरीच्या मधोमध पाय द्यायचा, कडेवर नाही. कडा झिजून गोल झाल्यात, तिथेच घसरतं.

होडीने फिरायचं तर भाडं आणि कुठपर्यंत नेणार ते चढायच्या आधी ठरवा. जीवरक्षक जाकीट मागून घ्या. नाही म्हणाला तर दुसरी होडी.

कडबा
विष्णुपद आणि गोपाळपूर याच फेरीत होतं का?

भीमाकाठ
होतं, पण वाळूतून नको. वाळूत एक किलोमीटर म्हणजे रस्त्यावरचे दोन. विष्णुपद नदीच्या खालच्या अंगाला, पात्रातच आहे, देवळापासून साधारण एक किलोमीटर. गोपाळपूर त्याच्या पुढे. रस्त्याने जा, येताना रिक्षा करा. मार्गशीर्षात पांडुरंगाचा मुक्काम विष्णुपदावर असतो अशी श्रद्धा आहे, त्यामुळे त्या महिन्यात तिथे चांगलीच वर्दळ. शांतपणे मंडप आणि दगडातली पावलं बघायची असतील तर दुसरा महिना. गोपाळपूरचं देऊळ उंचवट्यावर, चहूबाजूंनी गढीसारखा दगडी तट. जनाबाईचं जातं म्हणून दाखवतात ते इथेच. आषाढीचा काला पौर्णिमेला इथे होतो.

चौफाळा
आता प्रदक्षिणा मार्ग. नकाशा हातात धरून चालू नका, बोळांत नकाशावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. साधा नियम: देऊळ कायम उजव्या हाताला. महाद्वाराकडून निघालात की फिरून महाद्वारालाच याल. वाटेतल्या खुणा लक्षात ठेवायच्या त्या काळा मारुती, चौफाळा, नाथ चौक, तांबडा मारुती आणि कालिका देवी चौक. चुकलात तर कोणालाही ‘चौफाळा कुठं?’ विचारा. ‘प्रदक्षिणा मार्ग कुठं’ विचारलंत तर समोरचा म्हणणार, ‘हाच की ओ!’ आणि ते खरंच असतं.

न थांबता गेलात तर तासाभराच्या आत फेरी होते, पण तशी करू नका. या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बोळ फुटतात. नदीकडचे बोळ घाटांवर उतरतात, त्यांना उतार आहे आणि शेवटी उजेड दिसतो. देवळाकडचे बोळ अरुंद, वाकडे, मध्येच एखाद्या मठाच्या दारात संपणारे. उजेडाकडे चाललात तर नदी, अंधाराकडे चाललात तर देऊळ. एवढं पुरतं.

मठांत जाताना दारात विचारायचं. बहुतेक ठिकाणी ‘या की’ म्हणतात. कीर्तन किंवा पंगत चालू असेल तर मागे बसायचं, मधून चालत जायचं नाही. तनपुरे महाराजांचा मठ चुकवू नका. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं ते तिथे. कैकाडी महाराजांचा मठ वेगळाच प्रकार आहे, चक्रव्यूहासारखी वाट आणि दोन्हीकडे मूर्तीच मूर्ती. एकदा आत शिरलं की मधून बाहेर पडता येत नाही, पुरा अर्धा-पाऊण तास हाताशी असेल तरच जा. ताकपिठ्या विठोबा छोटं देऊळ आहे, विचारल्याशिवाय सापडत नाही.

शेंगाचटणी
छान चाललाय धागा. एक भर: विठ्ठल मंदिर पूर्ण हेमाडपंती आहे, त्यामुळे दगडात चुना कुठेच नाही हे जरूर बघा.

सुरूखांब
@शेंगाचटणी, इथे थांबवतो. काळा दगड दिसला की हेमाडपंती म्हणायची आपल्याकडे सवय आहे. हे देऊळ एका काळाचं नाही. यादवकाळाचा भाग आहे, त्यावर पुढच्या शतकांत डागडुजी झाली, मराठेशाहीत बरीच भर पडली, आणि अगदी अलीकडचं कामही आहे. यादवांचा पुरावा आतल्या शिलालेखात आहे, ज्याला चौऱ्याऐंशीचा लेख म्हणतात. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ मधल्या देणग्यांच्या नोंदी, रामचंद्रदेव यादवाच्या काळच्या. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून अक्षरं झिजली. कृपा करून तुम्ही घासू नका.

काळ ओळखायचा कसा? खांबापासून सुरू करा. जुना दगडी खांब खाली चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, मधे कातल्यासारखी वलयं, वरच्या अंगाला पुष्कळदा नागाची फणा. मराठा काळातला खांब बहुधा लाकडी, सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर आणि वर निमुळता, आणि दोन खांबांमध्ये महिरप. मग शिखर बघा. विटांचं, चुन्याचा गिलावा, कोनाड्यांत चुन्यात केलेल्या मूर्ती असतील तर ते उशिराचं. खाली यादवी भिंत आणि वर मराठेशाही शिखर हे आपल्या भागात सर्रास सापडतं. जीर्णोद्धार नेहमी वरून सुरू होतो, कारण आधी पडतं ते वरचंच.

दगडी जोडकामात चुना नाही म्हणजे जुनं, हेही अर्धंच खरं. सांध्यात चुना दिसला तर तो नंतर भरलेलाही असू शकतो. दगडाच्या तोंडावर न बघता सांध्याच्या आत बघायचं. मुळात कोरडा बसवलेला दगड इतका घट्ट असतो की पोस्टकार्ड जात नाही.

अजून एक. २०२४ च्या उन्हाळ्यात गाभाऱ्याचं जतनाचं काम झालं, तेव्हा मार्च ते मे पदस्पर्श दर्शन बंद होतं. आतला नंतरचा थर काढून मूळ दगड मोकळा करण्याचं ते काम. जुने फोटो बघून गेलात तर आत वेगळं दिसेल, चक्रावू नका.

शेंगाचटणी
मान्य. शब्द मागे घेतो. महाद्वारापाशी नेमकं काय बघायचं तेही सांगा.

सुरूखांब
महाद्वाराची पहिली पायरी म्हणजे नामदेव पायरी. शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, नामदेवांनी कुटुंबासह इथे समाधी घेतली अशी परंपरा. पितळेने मढवलेली आहे. तिच्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. समोर चोखोबांची समाधी. या दोन्ही एकत्र बघा, कारण त्यांची गोष्ट एक आहे: १३३८ मध्ये मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून इथे ठेवल्या अशी कथा. ज्यांना आत प्रवेश नव्हता ते दाराबाहेर, आणि नामदेव आपण होऊन पायरीत. दर्शनाच्या घाईत लोक या दोन्हींवरून नजर न टाकता जातात.

आत गेलात की सोळखांबी मंडप, त्यात गरुडखांब, मग चौखांबी, मग गाभारा. कान्होपात्रेचं झाडही आवारातच. मोबाईल आत नेता येत नाही, त्यामुळे जे बघायचं ते आधी वाचून डोक्यात ठेवा.

ढेलज
वाड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बोळातून चालताना मान वर करून चालतात सगळे. आधी उंबऱ्याकडे बघा. जुन्या घराचा उंबरा रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या वर असायचा. आता कित्येक ठिकाणी तो रस्त्याच्या पातळीत किंवा खाली आहे. घर खचलेलं नाही. डांबरावर डांबर, काँक्रीटवर काँक्रीट टाकून रस्ता वर आलाय. परिणाम हा की पावसाचं पाणी घरात शिरतं आणि भिंतीला ओल धरते.

मग दार. मोठ्या दरवाज्यातला छोटा दिंडी दरवाजा, चौकटीच्या वर गणेशपट्टी, आतून अडसर सरकवायला भिंतीत खोल भोक. आत दोन्हीकडे ढेलज (दारालगतची बसायची जागा), पुढे चौक, चौकाभोवती सोपा, म्हणजे ओसरी. भिंत हाताएवढी जाड नाही, दीड-दोन हात जाड. खाली घडीव काळा दगड, वर पांढऱ्या मातीचं किंवा विटांचं काम. जाड भिंतीतच देवळ्या, कोनाडे आणि धान्याचं बळद.

वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असेल तर रचना अशी: तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, मग पाला किंवा काड्यांचा थर, मग चिखल, सगळ्यात वर पांढरी माती दाबून. मधे उजेडाला सवणं, पाणी जायला पन्हाळ. पांढरी माती भिजली की फुगून भेगा मिटवते, म्हणून गळत नाही. पण मृगाच्या आधी दरसाल ती माती नव्याने पसरावी लागते आणि गवत उपटावं लागतं. गवताची मुळं खाली गेली की पाण्याला वाट मिळते. हल्ली गळतीला कंटाळून वर सिमेंटचा कोबा ओततात. तो सगळ्यात वाईट उपाय. वजन वाढतं, भेगेतून गेलेलं पाणी वर उडून जात नाही आणि तुळईची भिंतीत गेलेली टोकं कुजतात. खालून बघताना तुळई भिंतीला टेकते तिथे काळा डाग आणि भुसा दिसला तर त्या ओसरीत उभं राहू नये.

आणि हो, ही राहती घरं आहेत. चौक उघडा दिसला म्हणून आत शिरून फोटो काढू नका. बाहेरून ‘आहे का घरात कोणी?’ म्हणा, थांबा. देवळाभोवती जागा मोकळी करायच्या कॉरिडॉर योजनेच्या चर्चेमुळे तिथल्या लोकांना मोजमाप करणाऱ्यांचा वैताग आलाय. हातात टेप किंवा फाईल दिसली तर दार उघडणारच नाही, आणि त्यांचं चुकतही नाही.

कडबा
हे सवणं माझ्या यादीत नव्हतं. धन्यवाद ढेलजताई. पायांत काय घालायचं? आणि वडीलधारी बरोबर असली तर?

माळवद
सहज काढता-घालता येणारी, पण मागे पट्टा असलेली चप्पल. बूट नकोत, दर देवळाला नाडी सोडत बसाल. फाल्गुनापासून पुढे जाड सुती मोजे खिशात ठेवा. दहा-साडेदहानंतर घाटाचा दगड आणि देवळांच्या फरश्या चटके देतात, अनवाणी दहा पावलंही होत नाहीत. माणशी दीड लिटर पाणी.

वडीलधाऱ्यांना घाट उतरवू नका, पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. त्यांना महाद्वारापाशी वर ठेवून आपण खाली जाऊन यावं. देवळाला वळसा आणि चौफाळ्यापर्यंतचा रस्ता त्यांना झेपतो. दर्शनाला मुखदर्शनाची रांग लवकर सरकते, पदस्पर्शाला वेळ लागतो. दुपारी महानैवेद्याला आणि संध्याकाळी धूपारतीला रांग थांबते, ती वेळ धरून चला.

चौफाळा
बाजाराचं राहिलं. कुंकू, बुक्का, अष्टगंध, तुळशीच्या माळा, टाळ, चिपळ्या, पखवाज, घोंगडी, चुरमुरे-बत्तासे. टाळ घेताना दोन्ही वाट्या दोरीला लोंबत्या धरून एकमेकींच्या कडेला हलकेच लावा. आवाज लांबला पाहिजे. लगेच बसला तर ओतकामात पोकळी किंवा चीर आहे. हाताने धरून वाजवाल तर चांगला टाळही मुका वाटेल. घोंगडी उन्हात धरून बघा, विण सगळीकडे सारखी हवी, आणि हाताला खरखरीत लागलीच पाहिजे. मऊ लागली तर लोकर नाही.

शेंगाचटणी
कुंकू अस्सल कसं ओळखायचं? दुकानदार सगळेच ‘हळदीचं’ म्हणतात.

चौफाळा
चिमूटभर कुंकवावर लिंबाचे दोन थेंब. हळदीला क्षार लावून लाल केलेलं असतं, आंबट लागलं की पुन्हा पिवळं पडतं. लाल ते लालच राहिलं तर रंग. दुकानात नको, घरी करा. चिमूटभर पुडी आधी घ्या, पटलं तर पुढच्या खेपेला पावशेर. आपल्याच जिल्ह्यात केम गावालाही कुंकवाचा मोठा धंदा आहे.

कडबा
शेवटचं विचारतो. मंगळवेढा त्याच दिवशी जोडता येईल?

सुरूखांब
येईल, पण मन मारून. गाडीने पाऊण तास. पंढरपूर दहाला संपवून, दर्शन न करता, अकराला मंगळवेढ्यात पोचलात तर भर उन्हात चालणं आलं. त्यापेक्षा उलटं करा. सोलापूरहून मंगळवेढ्यामार्गेच या, दुपारी साडेतीन-चारला तिथे उतरा, दामाजीपंतांचं देऊळ, जुना कोट आणि काशीविश्वेश्वर दोन तासांत होतं. मुक्कामाला पंढरपूर, आणि सकाळी नदीवर. चोखोबा आणि कान्होपात्रा दोघंही मंगळवेढ्याचे. तिथून निघून महाद्वारापाशी पोचलं की क्रमही बरोबर लागतो.

मंगळवेढ्याला देवळांच्या आवारात उभे दगड दिसले तर हळद-कुंकू लावलंय म्हणून देव समजून पुढे जाऊ नका. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड, असेल तर खालून वर वाचायचा: तळाच्या चौकटीत लढाई किंवा गुरं, मधे अप्सरा वीराला नेताहेत, वर तो शिवलिंगापुढे बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. बांगड्या घातलेला नुसता हात कोपरात वळलेला दिसला तर तो सतीचा दगड. पुसट कोरीवकाम वाचायला पीठ, खडू, तेल काही लावायचं नाही. टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारायचा. सावली पडली की अक्षर आपोआप वर येतं.

भीमाकाठ
@कडबा, या आठवड्यात निघणार असाल तर आधी विसर्ग बघा. पुलाच्या खालच्या दगडांना पाणी टेकलेलं दिसलं की वाळवंट सोडा, त्या दिवशी वरूनच सुरुवात करा. महाद्वार घाटाच्या वरच्या टप्प्यावरूनही वाड्यांच्या भिंती दिसतात, फक्त तिरक्या.